टिकलीचा डिंक

आईच्या कपाळावर मधोमध एक पांढुरका डाग होता, जुन्या चवलीच्या नाण्याएवढा. मावशीच्या लग्नात तिने हौसेने दोन दिवस टिकली लावली, तिसऱ्या दिवशी टिकलीबरोबर तिथली कातडीही निघून आली. तेव्हापासून ती मेणाचं बोट लावून त्यावर कोरडं कुंकू टेकवायची. आमच्या सिंधीपुऱ्यातल्या शेजारणींना हे ठाऊक होतं, तिच्या माहेरी बहादरपूरला दिगंबरमामांना ठाऊक होतं आणि चौतीस वर्षं तिच्यासमोर बसून चहा पिणाऱ्या अण्णांनाही, म्हणजे माझ्या वडिलांनाही, ठाऊक होतं.

कॅन्सरमुळे तिचा डावा स्तन काढला त्याला दोन वर्षं झाली होती. ती ब्लाउजात कापसाचा गोळा ठेवायची. ‘भावाच्या शेतातला कापूस शेवटी माझ्या कामी आला,’ असं हसत सांगायची. मग एकदा तिला कळलं की इंदूरला आत इम्प्लांट बसवून देतात. तिने स्वतःसाठी मागितलेली ही मला आठवणारी पहिली गोष्ट. अण्णा लगेच हो म्हणाले, हेही मी लपवत नाही.

ऑपरेशन झालं तेव्हा मी खंडव्याला कॉलेजात परीक्षेच्या ड्यूटीवर होते. चौथ्या दिवशी पोचले. गळ्याखालून बरगडीपर्यंत चिकटपट्ट्या होत्या आणि प्रत्येक पट्टीच्या कडेने फोडांची रांग.

“आई, तू सांगितलं नाहीस?”

“सांगितलं ना गं. सिस्टर विचारत होती, कशाने काय होतं. मी म्हटलं, टिकलीचा डिंक चालत नाही. तर हे म्हणाले, गप बस, इथे टिकलीचं काय काढतेस. मग पुढचं सगळं तेच बोलले.” थोड्या वेळाने म्हणाली, “त्यांना काही बोलू नकोस. डॉक्टरसमोर लाजले बिचारे.”

अण्णा तहसीलमधून निवृत्त झालेले. लोकांचे अर्ज भरणं, साहेबासमोर त्यांच्या वतीने बोलणं, यात त्यांचं आयुष्य गेलं. कुठल्याही खिडकीवर ते बोलायचे आणि आम्ही मागे बाकावर बसायचो. आईचं बहादरपुरी हिंदी त्यांना चारचौघांत नको वाटायचं.

मी पट्ट्या काढायला लावल्या, पण तोवर कातडी सोलली होती. पू आत गेला. एकोणिसाव्या दिवशी इम्प्लांट काढलं. सव्विसाव्या दिवशी आई गेली.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला अण्णा एकच सांगत. “तिने सांगितलंच नाही हो. बायका अंगाचं काही सांगत नाहीत.” लोक मान हलवत. दहाव्याला मामा टोपी काढून त्यांच्या पाया पडले. “दाजी, आमच्या बहिणीची चूक झाली. तुम्ही तर सगळं केलं.” अण्णांनी त्यांना उठवून छातीशी धरलं. मी चार हातांवर उभी होते. अण्णांना मोकळं सोडायचं नाही, हे मी तिथेच ठरवलं.

पण मेलेल्या बाईचं बोलणं कोण धरतं? मला कागद हवा होता. हॉस्पिटलकडून फाइलच्या नकला मागण्याचा अर्ज मी बँकेच्या कागदांत सरकवला. जन्मभर दुसऱ्यांना ‘वाचून सही करा’ सांगणाऱ्या माणसाने न वाचता सही केली. श्रावणात फाइल आली. सतरावं पान मी इतक्यांदा वाचलं की डोळे मिटूनही अक्षर दिसायचं. तरी मी पितृपक्षापर्यंत थांबले. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं श्राद्ध अविधवा नवमीला असतं. त्या दिवशी मामा येणार होते.

सवाष्ण म्हणून शेजारच्या गोदाबाई होत्या. मी त्यांची ओटी भरली, सगळ्यांना खीर आणि उडदाचे वडे वाढले.

“कुसुमच्या हातची खीर हिच्याहून पातळ राहायची,” आईच्या आठवणीने गोदाबाई म्हणाल्या. “पण गोड हीच आहे. नाव ठेवायला काहीतरी पाहिजे ना, माय.”

मामा हसले. अण्णांनी वड्याचा तुकडा मोडला आणि ते वाक्य आलंच. “एक शब्द बोलली असती, तर आज इथे बसली असती.”

मी हात धुऊन फाइल आणली. सतरावं पान अण्णांच्या पुढ्यात धरलं.

“हे इंग्रजीत आहे, अण्णा. मामांना मराठीत सांगा.”

“जेवताना काय हे, रजनी?”

“चारच ओळी आहेत.”

त्यांनी चष्मा लावला. वाचायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ ते कागदाकडे बघत राहिले. “सिस्टरने लिहिलंय. पेशंटचं नाव, वय. शुगर नाही.”

“खालची ओळ.”

“पेशंट म्हणते की... टिकलीच्या गोंदाने कातडीला फोड येतात.”

मामांचा हात वाढलेल्या पानावर थांबला. “म्हणजे ताईने सांगितलं होतं?”

“आणि ओळ संपलेली नाही,” मी म्हटलं. “तीन शब्द राहिलेत.”

“रजनी, पुरे.”

“तुमचं इंग्रजी चांगलं आहे.”

गोदाबाईंनी पदर तोंडाशी नेला. शेवटी अण्णा म्हणाले, “नवऱ्याने नाही सांगितलं.”

“सांगितलं नाही की नाही म्हणून सांगितलं? मामांना नीट कळू द्या.”

“मी नाही म्हणालो. ती बोलत होती, मी तिला गप केलं.”

मामा म्हणाले, “दाजी, मी तुमच्या पाया पडलो होतो.”

अण्णा वाकायला लागले. मामांनी पाय मागे घेतले, जेवण तसंच टाकून उठले आणि बाहेर जाऊन स्कूटर सुरू केली.

मला वाटलं होतं, एवढ्याने माझं भागेल. भागलं नाही. हॉस्पिटलने ती ओळ वाचूनही पट्ट्या लावल्या. त्यांचं पत्र वेगळं तयार आहे, त्यांची पाळी येईल. पण अण्णांचं खोटं एका घरात नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि घरांची यादी ठेवली. बावीस घरं.

“सगळीकडे?” त्यांनी विचारलं.

“जिथे जिथे तिचं नाव घेतलंत तिथे.”

ते एकदा म्हणाले, ‘मीच मेलो असतो तर बरं झालं असतं.’ मी चप्पल घालून दारात उभी राहिले.

पहिल्या घरी त्यांना बोलायला अर्धा तास लागला. पाचव्या घरी पाण्याआधीच बोलून मोकळे झाले. सहावं घर त्यांच्या ऑफिसातल्या यादवकाकांचं. अण्णांनी सगळं सांगितलं, सांगताना रडलेही. काकांनी त्यांच्या पाठीवर हात फिरवला. “जाऊ दे, दत्तूभाऊ. होनी को कौन टाल सकता है. तुमचा काय दोष?”

अण्णांनी डोळे पुसले आणि उठायला गुडघ्यांवर हात टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर थोडी सुटका दिसली.

“बसा, अण्णा,” मी म्हटलं. “काकांना कळलेलं नाही. पुन्हा सांगा.”