पुलावरचा फोटो

मी एक जुना कॅमेरा आहे. तुमच्या घरातल्या मोबाइलसारखा नाही, मित्रांनो. माझ्या पोटात फिल्मचा रोल घालावा लागतो. तो नीट घातला नाही तर काय होतं, हे सांगायलाच मी आज तोंड उघडलं आहे.

एका कारखान्यात लांबलचक टेबलाशी बसलेल्या बायकांनी चिमट्याने माझे बारीक स्क्रू बसवले. शेवटी एका तपासनिसाने मला कानाशी धरून माझी कळ दाबली. आवाज पसंत पडला तेव्हा मी खोक्यात गेलो. पुढे दुकानाच्या काचेत दोन वर्षं बसून राहिलो. लोक थांबायचे, वाकून बघायचे आणि चालू लागायचे. मग एके दिवशी माझा मालक आला.

तो वीज कंपनीत मीटर वाचायचा. जिने चढायचे, घरोघरी मीटरची चकती फिरते का ते बघायचं, आकडा टिपायचा आणि पुढच्या जिन्याला लागायचं. लोक त्याला मीटरवाला म्हणूनच ओळखत. सुट्टी मिळाली की मात्र हा माणूस घरात टिकत नसे. पायाला भिंगरी बांधूनच जन्माला आला होता म्हणा ना.

दुकानात एक म्हातारे दुरुस्तीवाले बसत. त्यांनी त्याला रोल घालायला शिकवलं. फिल्मचं टोक जिभेसारखं बाहेर आलेलं असतं. ते उजवीकडच्या रिळाच्या खाचेत पक्कं अडकवायचं, झाकण लावायचं, आणि फिल्म पुढे सरकवायची कळ ओढताना डावीकडचं बटण फिरतं का ते बघायचं.

"हे फिरलं नाही ना," ते म्हणाले, "तर तू फोटो काढत नाहीयेस. नुसता आवाज काढतोयस."

मालक हसला. "काका, फिरतंय की नाही हे बघण्याचाच मला पगार मिळतो."

आम्ही खूप फिरलो. बर्फात फिरलो, वाळूत फिरलो. एकदा होडीत त्याला एवढी मळमळ झाली की तो आडवा झाला, पण मला धरलेला हात त्याने पाण्याच्या वर ठेवला. त्याने काढलेल्या दीपगृहाच्या फोटोला कंपनीच्या समारंभात पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा सगळ्यांनी मला हातात घेऊन बघितलं. मी किती फुगलो होतो म्हणून सांगू!

त्याची बायको शिवणकाम करायची. एका कोटाच्या उरलेल्या अस्तरातून तिने माझ्यासाठी पिशवी शिवली, झाकणासाठी वेगळा खिसा ठेवून. प्रवासात पिशवी तिच्या खांद्यावर असायची आणि ऊन माझ्या भिंगावर येऊ नये म्हणून छत्रीही तीच धरायची. पण मी तिच्याकडे वळलो की ती हाताने तोंड झाकायची. "माझा नको हो. माझं तोंड फोटोत आंबट येतं. तो डोंगर काढा." मालकाचे चौदा अल्बम भरले. त्यात ती नाही. कुठे कोपऱ्यात छत्रीची कड आहे, कुठे जमिनीवर पडलेली तिची सावली. लग्नातला एकच फोटो होता, तोही गळक्या छताखाली डागळून गेला.

पुढे बिनरोलचे कॅमेरे आले, मग मोबाइल आले. गरज सरो आणि वैद्य मरो, तसं माझं झालं. कपाटात घोंगड्यांच्या खाली मी बारा वर्षं पडून होतो. भिंगाच्या कडेला बुरशी धरली. मला राग आला नाही असं म्हणालो तर ते खोटं ठरेल.

मग मालकाची बायको आजारी पडली. डॉक्टरांनी काही महिने सांगितले. एका संध्याकाळी लेक भेटायला आली होती, आणि जेवताना ती नवऱ्याला आणि लेकीला म्हणाली, "एकदा फिरून येऊ. ह्या खेपेला माझे फोटो काढा. भिंतीवर लावायला एक तरी बरा हवा ना? ओळखपत्रावरचा लावाल तर बघा! त्यात मी चोरी करताना सापडल्यासारखी दिसते."

लेक ताट घेऊन आत निघून गेली.

"काढू की. मोबाइलने काढू," मालक म्हणाला.

"मोबाइल नको. तो जुना आणा. एवढी वर्षं त्याला खांद्यावर मिरवलं, एकदा त्यालाही मला बघू दे."

मालकाने मला पुसलं. आम्ही फिरायला गेलो त्या छोट्या गावातल्या खोलीत, खिडकीशी उभं राहून, त्याने माझ्यात रोल घातला. बारा वर्षांत हात विसरले होते. दाराशी ती चपला घालून तयार होती, जिना उतरायच्या आधीच तिला धाप लागली होती. त्याने घाईने फिल्मचं टोक खाचेला नुसतं टेकवलं आणि झाकण लावलं. पहिल्यांदा कळ ओढली तेव्हाच ते निसटलं. मला कळलं. डावीकडचं बटण जागचं हललं नाही. पण तो बटणाकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता. त्याला मी काय दोष देऊ?

दोन दिवस तो फोटो काढत होता. बाकावर, दगडी पायऱ्यांवर, पुलावर. पुलावर वारा सुटला होता. तिने डोक्याचा रुमाल सोडला, आणि औषधांनी विरळ झालेले केस उडायला लागले. तो मागे मागे सरकत एका सायकलवाल्यावर आदळला. "अहो, मागे बघा! नदीत पडाल!" म्हणत ती पोट धरून हसली. त्या क्षणी त्याने कळ दाबली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण मला एकच आवाज येतो, आणि तोच मी करत राहिलो.

छत्तीस फोटो झाले तरी कळ ओढली जात होती. "जुनं ते सोनं!" मालक म्हणाला. "छत्तीसच्या रोलने एक्केचाळीस दिले!"

"कंजूस माणसाला रोलसुद्धा घाबरतो," ती म्हणाली, आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली.

रोल धुणारा एकच माणूस उरला होता. त्याने आठ दिवस घेतले. मालक मला गळ्यात अडकवूनच त्याच्याकडे गेला. त्या माणसाने फिल्म दिव्यासमोर धरली आणि तो हळू आवाजात म्हणाला, "काका, रोल पुढे सरकलाच नाही. कोरा आहे सगळा."

फिल्म ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पारदर्शक होती. फक्त पुढची बोटभर जीभ काळीकुट्ट होती. एक्केचाळीस वेळा मी डोळा उघडला, त्या वेळचा सगळा उजेड त्या एकाच तुकड्यावर पडला होता.

घरी ती अंथरुणावर होती. "आले का? कसे आलेत?"

मालकाने मला खुंटीवर अडकवलं. माझा पट्टा सारखा करत तो पाठमोराच म्हणाला, "छान आलेत. पुलावरचा तर फारच. केस उडतायत तुझे, आणि हसतेयस."

"तोंड आंबट नाही ना आलं?"

"नाही गं."

"मग तोच लावा. कुठाय, दाखवा ना."

"मोठा करायला टाकलाय."

त्यानंतर ती चार दिवस होती. फोटो आला का, असं तिने आणखी दोनदा विचारलं.

ती गेल्यावर लेक म्हणाली, "बाबा, आईने मला सांगितलं होतं, पुलावरचा लावायचा. कुठे टाकलाय? मी घेऊन येते."

मालकाने खिशातून फिल्म काढून तिच्या हातात दिली. लेकीने ती खिडकीशी धरून टोकापर्यंत बघितली.

"ह्यात काहीच नाहीये, बाबा."

"बटण फिरत नव्हतं," तो म्हणाला. "मी बघितलंच नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या चकत्या बघत फिरलो, आणि हे नाही बघितलं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. आईच्या पर्समधून तिने ओळखपत्र काढलं आणि घेऊन गेली.

आता तोच फोटो मोठा करून भिंतीवर लावलेला आहे. मी समोरच्या खुंटीवर असतो, त्यामुळे मला तो दिवसभर बघावा लागतो. ती खरंच चोरी करताना सापडल्यासारखी दिसते. फ्रेमच्या मागे मालकाने तो काळा तुकडा चिकटवला आहे, तिच्याच शिवणाच्या कात्रीने कापून. मित्रांनो, ती त्या तुकड्यात आहे. पायऱ्यांवरची, बाकावरची, पुलावर हसणारी, सगळ्या एकमेकींवर. तिथून तिला आता कोणी बाहेर काढू शकणार नाही.

माझं काय व्हायचं ते होईल, बुरशी धरेल नाहीतर मोडीत जाईन. तुम्हाला एवढंच विनवतो, घरात जो माणूस "माझा नको" म्हणतो, त्याचा फोटो आधी काढा. हाताला सवय आहे तोवर काढा. आणि कळ दाबण्याआधी एकदा नीट बघा.

मालक अजून रोज सकाळी मला खुंटीवरून काढतो. कळ ओढतो, आणि डावीकडच्या बटणाकडे बघत राहतो. माझ्या पोटात आता रोल नाही, म्हणून ते फिरत नाही. तो पुन्हा कळ ओढतो.