आंबेमाळचं सादरीकरण

शब्दांनी राज्यं उभी राहतात आणि शब्दांनीच ती कोसळतात. महाडातल्या एका मंगल कार्यालयाच्या माडीवर, शिक्षकांच्या सादरीकरण कार्यशाळेत, प्रशिक्षक ऋत्विक सरांनी हे वाक्य तीन वेळा उच्चारलं, कारण खाली कुणाच्या तरी हळदीचा डीजे चालू होता आणि मागच्या रांगेपर्यंत फक्त 'कोसळतात' एवढंच पोचत होतं. दरडी पाहिलेली माणसं ती; दोघं उठून खिडकीशी जाऊन आले.

आम्रपाली खांबे मधल्या रांगेत बसून हे सगळं वहीत उतरवून घेत होती. वय सेहेचाळीस, नोकरी बावीस वर्षं. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आंबेमाळ नावाची वाडी आहे. तिथल्या एकशिक्षकी शाळेत मुख्याध्यापिका, वर्गशिक्षिका आणि शिपाई ही तिन्ही पदं ती एकटीच भूषवत होती. पट अकरा. पट कमी म्हणून शाळा बंद करून मुलांचं चार किलोमीटरवरच्या शाळेत 'समायोजन' करायचं वर घाटत होतं. हा शब्द ज्या कुणी काढला त्याला आम्रपालीला एकदा भेटायचं होतं. भेटून त्याला दप्तरासकट ओढ्यातून आणि हायवे ओलांडून चालवायचं होतं.

तिला इथे धाडलं होतं उतेकर सरांनी. भागोजी उतेकर हे केंद्रप्रमुख; बारा शाळांवर देखरेख ठेवायची आणि वरून आलेलं खाली पाठवायचं, हे त्यांचं काम.

"निवेदन दिलंय ना सर. तीन वेळा दिलंय," ती म्हणाली होती.

"निवेदन वाचतंय कोण मॅडम? जिल्ह्याचे साहेब नवे आहेत. त्यांना प्रेझेंटेशन लागतं. सात मिनिटं, सहा स्लाइड. आणि रडगाणं नको. पॉझिटिव्ह बोला."

"शाळा बंद होतेय, हे पॉझिटिव्ह कसं बोलू?"

"म्हणून तर कार्यशाळा आहे."

ऋत्विक सर आम्रपालीने नोकरीत पहिल्यांदा शिकवलेल्या पोरांच्या वयाचे. त्यांनी सांगितलं की हात बेंबी आणि छाती यांच्या दरम्यान ठेवायचे. 'मी आपला जास्त वेळ घेणार नाही' असं म्हणून वेळ घ्यायचा नाही. मान्यवरांची नावं गाळायची. पहिलं वाक्य म्हणजे घाव, आणि घावानंतर तीन सेकंद थांबायचं. याला 'पॉवर पॉज' म्हणतात. सराव करून घेताना ते आम्रपालीला म्हणाले, "मॅडम, तुम्ही फार खरं बोलता. जरा स्माइल ठेवा."

घरी आप्पा वाटच पाहत होते. तिचे वडील, श्रीपत खांबे, वय अठ्ठ्याहत्तर. एके काळी दर मार्चमध्ये चवदार तळ्यावर लोक जमले की आप्पा माईकशिवाय बोलायचे आणि बाजारपेठेपर्यंत ऐकू जायचे.

"काय शिकवलं?"

"हात कुठं ठेवायचे ते."

"आणि बोलायचं काय, ते?"

"ते उद्या होतं आप्पा. उद्या हॉल लग्नाला दिलाय."

आप्पांनी पेपर पुन्हा उघडला.

सराव तिने शाळेतच केला. समोर अकरा मुलं, आणि दाराशी तांदूळ निवडत बसलेल्या प्रयागबाई. शाळेची खिचडी त्या शिजवत.

"चार किलोमीटर," आम्रपाली म्हणाली आणि थांबली.

"बाई, विसरलात?" दुसरीतल्या पूजाने विचारलं.

"गप गो. बाई दम खातायत," प्रयागबाई म्हणाल्या. मग त्यांनी आम्रपालीकडे निरखून पाहिलं. "आन् बाई, हसताय कशाला? शाळा बंद होतेय का बारसं हाय?"

"हसून बोलायचं असतं, प्रयागबाई. ऐकणाऱ्याला बरं वाटतं."

"त्याला बरं वाटून काय करायचंय? ही पूजा माझी नात. हिचा बापूस सुरतेला. हायवेपल्याड हिला रोज कोन सोडनार? शाळा गेली की ही घरात बसनार, तेवढं सांगा. हसून सांगा नायतर रडून."

आम्रपालीने तेवढंच सांगायचं ठरवलं. बाकीचे पाच मुद्दे तिने खोडले.

जिल्ह्याच्या साहेबांसमोरची बैठक पोलादपुरात झाली. तिच्याआधी बोलायला उठलेल्या गुरुजींनी एकोणीस मान्यवरांची नावं घेतली, विसावं विसरले, दिलगिरी व्यक्त केली आणि खबरदारी म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सात मिनिटं संपली तेव्हा त्यांची शाळा अजून यायची होती.

आम्रपाली उठली. एकाचंही नाव घेतलं नाही.

"चार किलोमीटर."

एक सेकंद. दोन. तिसऱ्या सेकंदाला कुणीतरी पुढे येऊन माईकवर टकटक केलं. ती तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "एक ओढा. एक हायवे. आणि सात वर्षांची पूजा."

सभागृहातली चहाची कपबशी वाजायची थांबली. तिने पूजाची वाट सांगितली, पायरी पायरीने. मध्येच साहेब म्हणाले, "पण आता कशेडीला बोगदा झालाय ना?"

"बोगदा गाड्यांना झालाय, साहेब. मुलं उघड्यावरूनच ओलांडतात."

सात मिनिटं भरायला दहा सेकंद असताना ती थांबली. टाळ्या झाल्या. ते विसावे मान्यवरही टाळ्या वाजवत होते.

"वा!" साहेब म्हणाले. "असं सादरीकरण मी पुण्यातसुद्धा पाहिलं नाही. उतेकर, तो पॉज पाहिलात?"

"पाहिला साहेब."

"साहेब, शाळेचं काय?" आम्रपालीने विचारलं.

"ते फायलीवर येईलच. मॅडम, फॉन्ट कुठला वापरला होता?"

मे महिन्यात उतेकर सरांचा फोन आला. पत्र आलं होतं. 'प्रभावी सादरीकरण' या विषयाच्या तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून श्रीमती खांबे यांना जिल्ह्याच्या प्रशिक्षण कक्षात, पुढील आदेश होईपर्यंत, प्रतिनियुक्ती.

ती उन्हातान्हात त्यांच्या कार्यालयात जाऊन धडकली. "सर, मी तिकडे गेले तर आंबेमाळला कोण?"

"तो मुद्दा दुसऱ्या पत्रात आहे." त्यांनी दुसरं पत्र पुढे सरकवलं. शिक्षक उपलब्ध नसल्याने अकरा विद्यार्थ्यांचं नजीकच्या शाळेत समायोजन. "पण एक बघा मॅडम. 'पट कमी' हे कारण त्यांनी काढून टाकलंय. तुमच्या बोलण्याचा परिणाम!"

आम्रपालीने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते मनापासून आनंदले होते.

"मी साहेबांना भेटते. तोंडावर 'नाही' म्हणून येते."

"नका जाऊ. तुम्ही 'नाही' इतकं छान म्हणाल की ते तुम्हाला राज्य पातळीवर पाठवतील."

ती गेलीच. या वेळी स्लाइड नव्हत्या, स्माइल नव्हतं. टेबलावर दोन्ही पत्रं आपटून ती अशी सुटली की साहेबांच्या शिपायाने दार लावून घेतलं. एकच शिक्षक असलेल्या शाळेतून तो शिक्षक उचलायचा आणि मग शिक्षक नाही म्हणून शाळा बंद करायची, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय, असं तिने विचारलं. पूजाचं नाव चार वेळा घेतलं. साहेबांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. मोबाइल समोर धरून ते सगळं टिपत होते.

"अप्रतिम," ते शेवटी म्हणाले. "ही कळकळच आपल्या शिक्षकांत कमी पडते."

ते चित्रण आता प्रशिक्षणाच्या पहिल्या तासाला दाखवतात.

पंधरा जूनला तालुक्यातल्या शाळा उघडल्या. आंबेमाळची उघडली नाही.