बक्कल उघडलं तेव्हा

मी एक जुना पुतळा आहे, मित्रांनो. दुकानाच्या काचेत नवे कपडे घालून उभा राहतो, तसला नव्हे. मी आपटण्यासाठी बनवलेला पुतळा आहे. मोटारीत लहान मुलांना बसवायची पट्ट्यांची खुर्ची तुम्ही पाहिली असेल. अपघात झाला तर ती मुलाला धरून ठेवते की नाही, हे पाहण्यासाठी तिच्यात आधी मला बसवतात. मग ती खुर्ची रुळांवरून जोरात ओढून नेतात आणि एकदम थांबवतात. एवढंच माझं काम.

माझा कणा पोलादाचा आणि कातडी रबराची आहे. वजन तीन वर्षांच्या मुलाइतकं. छातीत आणि मानेत बारीक यंत्रं बसवलेली आहेत. मला दुखत नाही. माझ्या जागी मूल असतं तर त्याला किती दुखलं असतं, ते यंत्रं सांगतात. डोळे मला नाहीत, डोळ्यांच्या जागी दोन खळगे आहेत, तरी मला सगळं दिसतं.

मला बनवलं एका कंपनीने आणि विकत घेतलं खुर्च्यांच्या एका कारखान्याने. त्या कारखान्याचे मालक आणि त्यांची बहीण पूर्वी एका खोलीत मोटारीच्या सीटची कव्हरं शिवायचे. कारखाना उभा राहिला तरी बहीण शिलाई विभागातच रमली. मालकांचा मुलगा त्यांना आत्या म्हणे, म्हणून सगळा कारखानाच आत्या म्हणू लागला. त्यांच्याहून वयाने मोठा रखवालदारसुद्धा.

तेव्हा आसपासचे कारखानदार माझ्यासारखा पुतळा घेत नसत. "बाहुल्यांशी खेळायचं वय आहे का तुमचं?" असं लोक मालकांना विचारत. मालकांनी मला स्वतः खोक्यातून उचललं, मांडीवर घेतलं आणि सगळ्यांना सांगितलं, "हे आपलं पहिलं गिऱ्हाईक. ह्याची तक्रार आली तर माल बाहेर जायचा नाही."

शिलाईच्या बायका हसल्या. आत्यांनी माझं नाव ठोंब्या ठेवलं आणि उरलेल्या कापडाचा एक पिवळा सदरा मला शिवून दिला.

चाचणीचं काम एका इंजिनिअर बाईंकडे होतं. मला बसवताना त्या पट्ट्याखाली बोट घालून बघत आणि म्हणत, "नीट बस रे, ठोंब्या." मग त्या काचेमागे जात आणि खुर्ची बसवलेली रुळांवरची गाडी सुटे. अशी खूप वर्षं गेली. किती वेळा आदळलो त्याचा हिशेब मी ठेवला नाही. पाहुणे आले की मालक मला दाखवत. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर माझा फोटो होता. कौतुक म्हणतात ते हेच असावं.

मग पट्ट्याचं बक्कल बदललं. नवं बक्कल हलकं होतं, दिसायला सुबक होतं आणि स्वस्त पडत होतं. बाईंनी ते तपासलं, चांगलं टिकलं. पण बाईंना राहवेना. थंडीच्या दिवसांत मोटारी उघड्यावर उभ्या असतात, म्हणून त्यांनी एक खुर्ची बर्फासारख्या गार खोलीत ठेवली आणि मग मला तिच्यात बसवलं.

टक्कर झाली. बक्कल उघडलं. मी समोरच्या भिंतीवर गेलो.

बाईंनी दुसरी खुर्ची घेतली. तिचंही बक्कल उघडलं.

सगळे रुळांपाशी जमले. मी जमिनीवर पडलो होतो. मला उचलायचं कुणाला सुचलं नाही.

विक्रीवाले साहेब म्हणाले, "माल बांधून तयार आहे. आणि एवढ्या गारठ्यात लहान पोराला घेऊन बाहेर पडतंय कोण?"

"कुणीतरी पडतंच की," बाई म्हणाल्या. "पोराला दवाखान्यात न्यायचं असलं तर?"

"आजवर एक तरी तक्रार आली का?"

"आजवर हे बक्कल नव्हतं."

आत्यांनी बाईंना बाजूला घेतलं. "पोरी, तुझं खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण माल अडकला तर पहिल्यांदा माझ्या बायका घरी बसतील. त्यांच्या पदरातही पोरं आहेतच ना गं?"

मालक स्वतःच्या बुटांकडे बघत होते. "थंडीतली चाचणी सक्तीची आहे का?" त्यांनी विचारलं.

"सक्तीची नाही."

"मग साध्या हवेत एकदा घ्या. टिकलं तर चालेल."

साध्या हवेत टिकलं. मी खुर्चीतून तसूभर हललो नाही. "चालेल," विक्रीवाले साहेब म्हणाले. "चालेल," मालक म्हणाले आणि त्यांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी होकारार्थी मान हलवली. ट्रक भरून गेले.

त्यानंतर बाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. काम झालं की मला कोपऱ्यात ठेवून वर प्लॅस्टिक टाकत. भिंतीवर आदळताना सदरा खांद्यापाशी फाटला होता. तो तसाच राहिला. मला त्याचं काही वाटलं नाही. त्या दिवसांत तिथे कुणालाच कशाचं काही वाटत नसावं. लोक येत, काम करत, डबा खात आणि घरी जात.

थंडी सरता सरता एका दुपारी एक गृहस्थ आले. ते बेकरीत कामाला होते, बाह्यांना पीठ लागलेलं होतं. त्यांच्या हातात आमची खुर्ची होती. रखवालदाराला वाटलं, बदलून घ्यायला आले असतील. त्याने त्यांना चाचणीच्या खोलीत पाठवलं. मालक, आत्या आणि विक्रीवाले साहेब तेव्हा तिथेच होते.

गृहस्थांनी खुर्ची टेबलावर ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. एका सकाळी ते मुलीला आजीकडे सोडायला निघाले होते. रस्ता निसरडा होता. मोटार खांबाला धडकली. वेग फार नव्हता, पण मुलगी खुर्चीतून फेकली गेली. वाचली, मात्र तिचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही.

"मी भांडायला आलो नाही," ते म्हणाले. "मला एकच विचारायचंय. पट्टा मी लावला होता. टक् आवाज झालेला मी ऐकला. बायको म्हणते, घाईत नीट लावला नसशील. आता मलाही तसंच वाटायला लागलंय. माझंच चुकलं का?"

विक्रीवाले साहेब म्हणाले, "आम्ही तपासून कळवतो तुम्हाला."



"तुमचं नाही चुकलं," बाई म्हणाल्या. "तुम्ही पट्टा लावलाच होता. हे बक्कल थंडीत उघडतं. आम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"विकायच्या आधीपासून."

गृहस्थ खाली बसले. आत्यांनी पाणी आणलं. पाणी पिऊन त्यांनी खिशातून फोन काढला आणि बायकोला लावला. "अगं, मी लावला होता," ते म्हणाले. पलीकडून त्यांची बायको "हॅलो, हॅलो" करत राहिली.

मालक उठले. "सगळ्या खुर्च्या परत बोलवा," ते म्हणाले. त्या मुलीच्या औषधपाण्याचं ते आजही बघतात. तिचा हात अजून वर जात नाही.

परत आलेल्या खुर्च्या कुणी पुन्हा वापरू नयेत म्हणून त्यांचे पट्टे कापायचे होते. ज्या बायकांनी ते शिवले, त्यांनीच कात्र्या घेऊन कापले. आत्याही बसल्या होत्या. नुसता कात्र्यांचा आवाज येत होता. मागणी गेली, आणि आत्यांना भीती होती तसंच झालं. निम्म्या बायकांना घरी बसावं लागलं. त्यांच्यातल्या काही जणी आजही रस्त्यात बाई दिसल्या की तोंड फिरवून जातात. आता गार खोलीतून काढल्याशिवाय एकही खुर्ची रुळांवर चढत नाही.

मित्रांनो, मोठेपणी तुमच्यापैकी कुणी खुर्च्या बनवेल, कुणी औषधं, कुणी पूल. अशाच एखाद्या खोलीत चार माणसं तुमच्याकडे बघतील आणि तुम्हाला मान हलवावी लागेल. त्या वेळी खोलीत नसलेला एक माणूस आठवा. तो सकाळच्या घाईत मुलीला बसवतोय, आणि टक् आवाज झाला म्हणजे झालं, असं समजून निर्धास्त होतोय. मान हलवायची ती त्याला विचारून हलवा. आणि हलवता येत नसेल, तर तिथेच तसं सांगा. नंतर सांगितलेलंही खरंच असतं, पण तोवर ट्रक निघून गेलेले असतात.

काही खुर्च्या परत आल्याच नाहीत. त्या कुणाच्या मोटारीत आहेत, कुणालाच ठाऊक नाही. गारठा वाढला की बाई सकाळी लवकर येतात, दिवा लावतात आणि टेलिफोनजवळ बसून राहतात. आजही बसल्या आहेत.