मांडीवरचं दप्तर

मित्रांनो, मी दारामागची एक जुनी खुंटी आहे. शाळा भरली की दार उघडं राहतं आणि मी त्याच्याआड जाते, म्हणून तुमचं माझ्याकडे कधी लक्ष गेलं नसेल. मी मात्र दार आणि भिंत यांच्यामधल्या सापटीतून सगळा वर्ग बघत असते. आणि सध्या जे बघते आहे, त्याने माझा जीव तुटतो.

सुतारकाकांनी मला टणक लाकडातून कातलं आणि माझ्या बहिणींबरोबर वर्गातल्या लांब फळीवर बसवलं. काय ऐट होती तेव्हा माझी! या वर्गाची एक रीत आहे. वर्ष सुरू झालं की प्रत्येक मूल एक चित्र काढतं आणि आपल्या खुंटीच्या वर चिकटवतं. कुणाचा मासा, कुणाची छत्री, तर कुणाचा नुसताच गोळा, ज्याला तो हत्ती म्हणतो. मग रोज सकाळी दप्तर तिथे अडकवायचं. ते अडकवलं की मुलाचे खांदे खाली येतात, तोंड उघडतं आणि मगच डोक्यात काही शिरू लागतं. शिकवणं फळ्यापासून सुरू होतं असं बाईंना वाटतं. आमच्या मते ते आमच्यापासून सुरू होतं. हवं तर याला खुंटीची बढाई म्हणा.

पुढे फळी बदलली. नवी आखूड निघाली, म्हणून उरलेल्या मला शिपाईकाकांनी दारामागे बसवलं आणि फरशी पुसायचं ओलं फडकं माझ्या गळ्यात घातलं. तेही अंगवळणी पडलं. ओलीने माझा स्क्रू गंजत गेला, पण विचारतो कोण?

मग वर्षाच्या मध्येच एक मुलगी आली. तिची आई नर्स, बदली होऊन या गावात आलेली. फळीवर एकही खुंटी मोकळी नव्हती. बाई म्हणाल्या, तुझी सोय होईपर्यंत दारामागे लाव. बाई वाईट नाहीत हो, घाईत होत्या. मुलीने फडक्यावरच दप्तर अडकवलं. शाळा सुटेपर्यंत तळाच्या वह्या भिजल्या, शाई फुटली, आणि दप्तराला असा वास लागला की शेजारची मुलगी नाक धरून बाकाच्या टोकाला सरकली. वर्ग हसला.

दुसऱ्या दिवसापासून ते दप्तर मांडीवर आहे. पट्टा मनगटाला गुंडाळलेला असतो. वही बाकाच्या कडेला घसरते, अक्षर तिरकं होतं, कान घंटेकडे असतात. स्टेशनवर गाडीची वाट बघणारं माणूस बसतं, तशी ती बसते. कुणीतरी तिला पाहुणी म्हटलं आणि तेच नाव पडलं. बाईसुद्धा लाडाने म्हणायच्या, "काय पाहुणीबाई, आज तरी उत्तर देणार का?" वर्ग पुन्हा हसायचा. ती पट्ट्याचा आणखी एक वेढा मनगटाला द्यायची.

मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला की ती ओठांतल्या ओठांत बोलायची. सकाळी बाईंनी विचारलेल्या अपूर्णांकाचं उत्तर! अगदी बरोबर असायचं, पण तासाभराने, आणि ऐकायला मी एकटी. मला ओरडावंसं वाटायचं. बाई, या हो, ऐका, हिला येतं! पण खुंटीला कुठलं तोंड?

चाचणीत ती नापास झाली. बाईंनी तिच्या आईला बोलावलं. पालथ्या घड्यावर पाणी आहे, म्हणाल्या, वार्षिक परीक्षेतही असंच झालं तर मागच्या वर्गात बसवावं लागेल. आई ड्यूटीवरून थेट आली होती, डोळे तारवटलेले. घरी तर धडाधडा सांगते हो, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मग लेकीकडे वळली.

"येतं ना तुला? मग बोलत का नाहीस गं?"

मुलगी दप्तराकडे बघत म्हणाली, "बाई वर्गाला विचारतात. मी वर्गातली नाहीये."

बाई उठून दारामागे आल्या. मग त्यांनी आपल्या हाताने फडकं काढलं, मला साबणाने धुतलं, माझ्या वरती भिंतीवर एक कोरा कागद चिकटवला. त्यावर तुझं चित्र काढ, म्हणाल्या. नंतर काढते, मुलगी म्हणाली. त्या दिवसापासून पाहुणी म्हणणं बाईंनी सोडलं, पण कागद कोराच आहे आणि दप्तर मांडीवरच आहे. भिजलेलं मन एका दिवसात कसं वाळणार?

आणि काल ती उठली. दप्तर घेऊन हळूच माझ्यापाशी आली. एक पट्टा तिने माझ्यावर टाकला. मित्रांनो, इतक्या वर्षांत मी कशाची एवढी वाट पाहिली नव्हती. पण तिने हात सैल करताच माझा गंजलेला स्क्रू सरकला आणि मी पुढे झुकले. तिला ते कळलं. पट्टा काढून घेऊन ती निमूट जागेवर जाऊन बसली.

आता परीक्षा तोंडावर आली आहे. ती आणखी एकदा उठेल, असं मला वाटतं. पण तेव्हा मी निखळले, तर ती परत कधीच उठणार नाही. इथे आपल्याला जागा नाही, हे तिला कायमचं पटेल, आणि डोक्यातली सगळी उत्तरं डोक्यातच राहतील.

म्हणून पदर पसरते. तुमच्यापैकी कुणीतरी दार ओढा आणि मला हात लावून बघा. मी हलते आहे. शिपाईकाकांना हाक मारा, नवा स्क्रू आणा, मला घट्ट पिळा. आणि जमलंच तर तिच्या शेजारी बसून विचारा, चित्र कशाचं काढणार आहेस?

लवकर या. आत्ता मधली सुट्टी आहे, वर्गात ती एकटीच आहे, आणि तिने मनगटावरचा पट्टा सोडवायला घेतला आहे.