गढीपिंपरीची वेस

आमच्या गढीपिंपरीला इतिहास आहे, हे आम्हाला निधी आल्यावर कळलं. त्याआधी गढी म्हणजे गावाच्या मधोमध उभा राहिलेला मातीचा ढीग, वर वेड्या बाभळी, आणि सकाळच्या पहिल्या प्रहरी लोक तिकडं कशाला जायचे ते मी नर्स असूनही सांगणार नाही. मग कुठूनसा पर्यटनाचा पैसा आला आणि काकासाहेबांना रातोरात गढी बांधणारे सरदार पूर्वज आठवले. काकासाहेब म्हणजे माजी सरपंच, कारखान्याचे संचालक आणि गावात कुठलीही समिती निघाली की आपोआप तिचे अध्यक्ष. त्यांनी बाभळी तोडल्या, बुरुजाला गेरू फासला, झेंडूच्या माळा सोडल्या आणि जाहीर केलं, "गढीपिंपरी वारसा महोत्सव!"

मी शुभांगी. इथल्या आरोग्य केंद्रात नर्स आहे. गावातल्या निम्म्या लोकांना मी सुया टोचल्यात. सरदारांचे हे थेट वंशज सुई बघितली की डोळे मिटून "आई गं" करतात, पण तेवढा इतिहास माहितीपत्रकात येत नाही. माझे मिस्टर भीमराज शेवगावच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर आहेत. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते माईकवरून सांगणारा भारदस्त आवाज त्यांचाच. आणि आमची एकुलती एक सायली गाते. आई म्हणून कौतुक करत नाही, कौतुक हा माझा स्वभावच नाही. पण एसटीत उभ्यानं धक्के खात नगरला क्लासला जाऊन ती जे शिकलीय ते कानाला कळतं.

यंदा समितीनं पुण्याहून चेतन नावाचा दिग्दर्शक आणला. दाढी, लिननचा झब्बा, गळ्यात कसलंसं हाड. तो म्हणाला, नुसती मिरवणूक नको, इतिहास जिवंत करू. दोनशे वर्षांपूर्वीचा एक दिवस सगळ्या गावानं जगायचा. गाव लई खूश झालं. पण भूमिका वाटायला बसले तेव्हा कळलं की सरदार एकच होता आणि त्याचे वंशज मात्र अर्धं गाव. सरदारकीवरून दोन भावक्या हमरीतुमरीवर आल्या. शत्रूच्या बाजूनं तर कुणीच उभं राहीना. शेवटी शत्रूच न मिळाल्यामुळं लढाई रद्द झाली, आणि अध्यक्ष म्हणून काकासाहेब स्वतःच सरदार झाले.

चेतननं एक काम मात्र चांगलं केलं होतं. त्यानं सायलीला ऐकलं आणि गढीच्या चौकातल्या मंचावर शेवटचं गाणं तिला दिलं. प्रमुख पाहुण्या म्हणून पुण्याच्या मुक्ताबाई यायच्या होत्या. मोठ्या गायिका. वर्षाला एखादीच शिष्या घेतात, आणि घेतात ती कान देऊन ऐकल्यावरच. चिठ्ठी-वशिला चालत नाही. त्यांनी एकदा आपल्याला ऐकावं, एवढंच सायलीला हवं होतं. बाकी गढी पडो की राहो. महिनाभर पोरगी आमच्या गच्चीवर गळा घासत होती. शेजारच्या साळूबाई म्हणाल्या, "अगं, आता तर माझी म्हैसपन सुरात हंबरती."

महोत्सवाच्या आठवडाभर आधी काकासाहेब चेतनला घेऊन आमच्या घरी आले. काकासाहेब घरी आले की समजायचं, काहीतरी काढून न्यायला आलेत. मी चहा टाकला.

"सिस्टर, जरासा बदल हाय," ते म्हणाले. "चौकातलं शेवटचं गाणं आमची राजनंदिनी म्हननार."

राजनंदिनी त्यांची पुतणी. दिवाळीपासून मोबाईलवर बघून गाणं शिकत होती.

"आणि सायली?"

"ती बी गानार की! वेशीच्या भायेर. जात्यावर बसून बाया ओव्या म्हनतात, तसला देखावा हाय. दोन ओव्या. पाहुनीबाई आत येताना ऐकतील."

"बाहेर का?"

काकासाहेबांनी चेतनकडं बघितलं. चेतननं बशीकडं बघितलं.

"अहो, आता त्या काळात..." काकासाहेब घसा साफ करत म्हणाले, "तुमची मंडळी वेशीच्या भायेरच असायची ना. इतिहासात फेरफार करता येत न्हाई."

मी म्हटलं, व्वा. सरदार स्कॉर्पिओतून येणार, भाड्याच्या मखमली खुर्चीवर बसणार, दरबारात जार लावून थंड पाणी, मशालींत एलईडी बल्ब, आणि फेरफार करता येत नाही तो नेमका आमच्याच जागेत! बोलले मी हे सगळं, मनात ठेवलं नाही. माझ्या तोंडाला गाव उगीच भीत नाही.

"आनखी एक," काकासाहेब म्हणाले. माणूस निगरगट्ट, गेंड्याला लाज वाटावी असा. "येसकर पायजे. वेशीवरचा राखनदार. हातात घुंगुरकाठी, खांद्यावर घोंगडी. दिवस मावळला की हाळी द्यायची आन् वेस बंद करायची. भीमराजचा आवाज लई मोठा, आन् तुमच्या घरात ते काम हुतंच."

मी हातातली कपबशी खाली ठेवली. होतं ना. आमच्या घरानं छप्पन्न सालानंतर ती चाकरी सोडली. काठी सोडली, हाळी सोडली, उपाशी राहिले आणि पोरं शाळेत घातली. म्हणून तर भीमराज आज खाकी घालून माईकपुढं बसतात. आणि हा माणूस माझाच चहा पिऊन ती काठी परत द्यायला आला होता.

"सिस्टर, रागावू नका. नाटक हाय ओ."

"नाटकच ना? मग तुम्ही येसकर व्हा. हे सरदार होतील."

काकासाहेबांनी चहाचा मोठा घोट घेतला. चहा गरम होता, तरी घेतला.

मला वाटलं, आता भीमराज नाही म्हणतील आणि विषय संपेल. पण ते म्हणाले, "सायली, तू काय करणार?"

"मी गाणार," सायली म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "त्या वेशीतूनच आत येणार ना, बाबा? एक ओवी जरी कानावर पडली तरी..."

"मग मी येसकर होतो," भीमराज म्हणाले. "पोरगी बाहेर उभी राहणार असेल, तर मी काय घरात बसू?"

त्या रात्री मी नवऱ्याशी बोलले नाही. भाकरी वाढली, पण आदळून वाढली.

महोत्सवाचा दिवस उजाडला. चौकात फक्त पासवाले, म्हणजे समिती, समितीचे पाहुणे आणि पाहुण्यांचे पाहुणे. उरलेलं गाव वेशीबाहेर, भेळेच्या गाड्या आणि फुगेवाल्यांच्यात. गढीच्या दरवाजालाच चेतननं वेस ठरवलं होतं आणि तिला नवीन दार करून घेतलं होतं. ते गहिनीनाथ सुतारानं केलं होतं. गहिनीनाथ आजकाल ट्रॉलीवाली किचनं आणि कपाटं करतो, पण दार झकास केलं होतं. पितळी फुलं, खिळे, जाडजूड कडी. एवढी हौस त्यानं माझ्या ओट्याखालच्या ट्रॉल्यांना दाखवली असती तर त्या वर्षात निखळल्या नसत्या.

भीमराज अनवाणी, घोंगडी पांघरून वेशीत उभे राहिले. माझ्याच्यानं बघवेना. येणारे-जाणारे त्यांच्यासोबत सेल्फी काढत होते. ज्या पोरांना मी पोलिओचे डोस पाजले तीच म्हणत होती, "ओ येसकर, जरा काठी वाजवा की!" भीमराज वाजवत होते. सायली तांबड्या लुगड्यात जात्याशी बसली होती. जातं समितीनं सिमेंटचं करून आणलं होतं, ते फिरतही नव्हतं.

आणि मुक्ताबाईंचा पत्ता नाही. शेवगावच्या अलीकडं ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती आणि त्यांची गाडी त्या रांगेत. सूर्य टेकला. चेतननं आतून खूण केली. सायलीनं दोन ओव्या म्हटल्या, त्या भेळवाल्यानं ऐकल्या. संपलं. पोरीनं माझ्याकडं बघितलं आणि पदरानं डोळे पुसले. मला त्या क्षणी गढी पेटवून द्यावीशी वाटली. देवाशपथ.

भीमराजनी काठी आपटली आणि हाळी दिली. चेतननं जुनी वाक्यं लिहून दिली होती, पण सवयीचा माणूस, तोंडातून निघालं ते स्टँडवरचंच. "सर्वांनी लक्ष द्या. गढीपिंपरीची वेस बंद होत आहे. आतल्यांनी आत राहावे, बाहेरच्यांनी बाहेर राहावे. वेस उद्या सूर्योदयाला उघडेल." लोक खो खो हसले. त्यांनी दोन्ही फळ्या ओढल्या आणि कडी घातली.

कडी घातली, आणि आम्हा सगळ्यांच्याच लक्षात आलं. कडी बाहेरून होती. जगातल्या कुठल्याही वेशीला आतून अडसर असतो. पण गहिनीनाथचा हात कपाटावर बसलेला. नंतर विचारलं तर म्हणाला, "कपाटाला कडी भायेरूनच असती की, सिस्टर. आतून कोन लावनार?"

तेवढ्यात धुरळा उडवत गाडी आली. मुक्ताबाई उतरल्या. बारीकशा, पांढऱ्या केसांच्या, थकलेल्या. आतून काकासाहेबांचा आवाज आला. त्यांना फोनवरून कळलं होतं. "ए भीमराज! दार उघड, पाहुन्या आल्या!"

भीमराजनी कडीवर हात ठेवला. ते उघडणार होते, मी सांगते, शपथेवर सांगते. मग त्यांनी मागं वळून सायलीकडं बघितलं आणि हात खाली घेतला.

"बाई," ते मुक्ताबाईंना म्हणाले, "वेस बंद झालीय. नियमानं सकाळपर्यंत उघडत नाही. तोवर बसा. माझी मुलगी गाते."

माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या माईकवरून सांगितल्या. स्वतःच्या घरातलं काही असं मोठ्यानं जाहीर केलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं. आठवडाभराचा सगळा राग कुठं गेला, मला कळलं नाही.

मुक्ताबाईंनी दाराकडं बघितलं, घोंगडीकडं बघितलं, आणि सिमेंटच्या जात्याशेजारच्या ओट्यावर बसल्या. "गा," म्हणाल्या.

सायली उठली, पदर खोचला. माझ्या सासूबाईंची एक ओवी होती, तीच तिनं घेतली.

"वेशीच्या गं भायेर, माझ्या बयाचं बिऱ्हाड,
किती लांब रुंद बाई, आमच्या वाट्याला आभाळ."

पहिल्या ओळीला आवाज थरथरला. दुसऱ्या ओळीला तिनं 'आभाळ' धरलं आणि सोडलंच नाही. वर नेलं, फिरवलं, खाली आणलं, पुन्हा वर. आतून धडाधड दार वाजत होतं आणि त्याच्यावरून ती गात होती.

"अरे भीमराज, ऐकू येतंय का?" आतून.

भीमराजच्या खिशात मोबाईल वाजायला लागला. त्यांनी काढून बघितला, बंद केला. "त्या काळी नव्हता," ते मला म्हणाले.

"भीमराव! ओ भीमराव!" थोड्या वेळानं. मग अगदी गोडीत, "अहो भीमराजराव, जरा उघडता का दार? माझ्या फेट्यात लई गरम हुतंय."

बाहेर तोवर फुगेवालासुद्धा गप्प झाला होता. सारं गाव खाली धुळीत बसलं होतं. मुक्ताबाई डोळे मिटून मांडीवर ताल धरत होत्या. मध्येच "हं" म्हणायच्या, आणि त्या 'हं'नं सायली आणखी वर जायची. आतून दार वाजायचंही थांबलं. गाणं संपलं तेव्हा टाळ्या आधी बाहेर वाजल्या, आणि मग भिंतीपलीकडंही.

मुक्ताबाईंनी सायलीला जवळ बोलावलं. "श्वास चुकीच्या जागी घेतेस," त्या म्हणाल्या. "दोन महिने लागतील सुधारायला. रविवारी घरी ये." मग उठल्या. "चला, आत तानपुरा असेल ना? मला हिला नीट बसून ऐकायचंय."

भीमराजनी कडी काढली. घामाघूम झालेले काकासाहेब फेटा सावरत बाहेर आले. मला वाटलं, आता तमाशा होणार. पण राजकारणात हाडं झिजवलेला माणूस. परिस्थिती बघितली आणि सायलीच्या डोक्यावर हातच ठेवला. "ताई, ही आमचीच पोरगी बरं का! आमच्या गढीपिंपरीची!"

आठवडाभरात आमची मंडळी 'तुमची'वरून 'आमची' झाली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात भीमराज म्हणाले, "काकासाहेब, हे जरा धरा. चपला घालतो."

आणि काठी पुढं केली. काकासाहेबांनी सवयीनं हात पुढं केला, जसा सत्काराच्या नारळाला करतात. भीमराजनी घोंगडीही त्यांच्याच खांद्यावर टाकली, चपला घातल्या आणि सायलीचा हात धरून आत गेले. तेवढ्यात उशिरा आलेल्या कुठल्याशा साहेबांच्या ड्रायव्हरनं काकासाहेबांना विचारलं, "ओ येसकर, गाडी कुठं लावू?" काकासाहेबांनी इकडंतिकडं बघितलं आणि काठीनं दाखवलं.

आत सायली मंचावर चढून तानपुरा लावत होती. राजनंदिनी बिचारी स्वतः उठून तिला जागा देत होती. पोरगी काकापेक्षा बरी निघाली. चौक भरला होता, पाय ठेवायला जागा नव्हती. फक्त पहिल्या रांगेत मधोमध मखमली गादीची एक मोठी खुर्ची रिकामी होती.

भीमराज तिच्याशी घुटमळले. "इथं कुणाची जागा आहे का गं?"

"कुणाची नाही," मी म्हटलं. "बसा तुम्ही."

ते बसले.