कंटेनरखालची जागा

मी जागा बोलतेय. कागदावर मला प्लॉट म्हणतात आणि भाऊबंदांच्या बैठकीत 'पूर्वजांची पवित्र ठेव'. पवित्र ठेव म्हणजे काय, तर जिच्यावर गावच्या शेळ्यांनी लेंड्या टाकाव्यात आणि पूर्वजांच्या वंशजांनी फुटक्या बादल्या.

घानातल्या सोमान्या गावात, मोठ्या रस्त्याला लागून मी पसरले आहे. एका अंगाला कडुनिंब, दुसऱ्या अंगाला माकूमावशीच्या अंगणाची भिंत, पुढ्यात गटार. गटार वाहतं का, असं विचारू नका. ते राहतं.

माझा जुना मालक तेये. काचेचे मणी करायचा. रिकाम्या बाटल्या कुटून त्यांची भुकटी साच्यात भरायची आणि मातीच्या भट्टीत भाजायची, हा त्याचा धंदा. त्याचे मणी घालून इथल्या पोरी लग्नाला उभ्या राहिल्या आणि म्हाताऱ्या तिरडीवर गेल्या. दोन-चार पावसाळे झाले की भट्टीला तडे जायचे. मग तेये तिला शिव्या हासडत पाडायचा आणि जरा बाजूला सरकून नवी बांधायचा. सरकता सरकता एकदा तो माकूमावशीच्या हद्दीत हातभर गेला. त्यावरून दोघं वीस पावसाळे भांडले आणि रोज संध्याकाळी एकाच बाकावर बसून केंके खाल्ले. केंके मावशीचेच. आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे गोळे पानात बांधून ती उकडते आणि सोबत मिरचीचा ठेचा देते. तो खाल्ला की भांडायलाही तोंड शिल्लक राहत नाही.

मरताना तेयेनं चारचौघांसमोर मला आपल्या पोरांच्या हवाली केलं. थोरली कोर्कोर आणि धाकटा लावेर. त्या चौघांतले दोघे पुढे वारले. उरलेल्या दोघांना तेयेच्या भावानं, तेत्तेकाकांनी, जेवायला बोलावलं. तेव्हापासून त्या दोघांना नीटसं काही आठवत नाही. जेवण झकास असावं.

हे तेत्तेकाका एकदा निवडणुकीला उभे राहून पडले होते. उभं राहताना घातलेला पांढरा सदरा पडल्यावरही त्यांनी उतरवला नाही. भाऊ गेल्यावर त्यांनी माझ्या कडेच्या भिंतीवर लाल रंगात लिहून टाकलं : 'ही जागा विकाऊ नाही. हुकुमावरून.' खाली स्वतःचा फोन नंबर. विकायचीच नाही तर फोन कशाला, हा प्रश्न मला पडला. पण जागेला कोण विचारतो!

कोर्कोर शिंपीण. गटारावर फळ्या टाकून तिचं लाकडी खोपटं उभं होतं. त्यात शिवणयंत्रं, शिकाऊ पोरी आणि कापडाचे ढीग. सोमान्यात माणूस मेला की सगळ्या गोतावळ्याला एकाच छापाचे कपडे लागतात आणि माणसं मरायची थांबत नाहीत, त्यामुळे तिला काम बक्कळ. जिवंतपणी ज्या म्हातारीला कोणी चपला आणून दिल्या नाहीत, तिच्या अंत्यकार्याला नातवंडं तीन-तीन मापं देऊन जायची.

मग रस्ता रुंद करणारे आले. त्यांनी खोपट्यावर लाल फुली मारली आणि इस्टरच्या आत उचला म्हणून सांगून गेले. कोर्कोर फुलीकडे बघत राहिली. मग दाताखालचा दोरा तोडून म्हणाली, "रंग तरी बरा वापरायचा मेल्यांनी."

तिनं हॅम्बुर्गला भावाला फोन लावला. लावेर तिकडे जुनी यंत्रं विकत घेऊन इकडे पाठवतो. तो म्हणाला, "ताई, मी वीस फुटी कंटेनर पाठवतो. आत चार शिवणयंत्रं, एक इस्त्री-टेबल. माल काढ आणि कंटेनरच दुकान म्हणून वापर. बाबांच्या जागेवर ठेव. लोखंड आहे, कोणी फुली मारली तर रंग उडेल, दुकान नाही."

"ठेवू कसं?"

"जागा सपाट आणि घट्ट करून घे. चार कोपऱ्यांखाली सिमेंटचे ठोकळे, गटाराच्या पाण्यापेक्षा उंच. वर झाडाची फांदी नको. आणि दार कुठल्या तोंडाला हवं ते आधी कळव, तसाच तो ट्रकवर चढवतील."

एवढं सोपं काम. म्हणून ते तेत्तेकाकांनी हातात घेतलं.

"पोरी, तू तुझं शिवण बघ," ते म्हणाले. "जमिनीची कामं बायामाणसांची नव्हेत. लावेरशी मी बोलतो."

पहिल्या दिवशी बैठक भरली. पूर्वजांना विचारायचं म्हणून जिनची बाटली फुटली. माझ्या वाट्याला तीन थेंब आले, बाकीची पूर्वजांच्या वतीनं काकांनी आणि मंडळींनी संपवली. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब आले, कारण नुसत्या पूर्वजांवर विसंबून चालत नाही. त्यांनी प्रार्थना केली आणि कोंबडी नेली. पुढे काकांनी माझा सपाटपणा तपासला. बाटली आडवी ठेवून ती घरंगळते का ते बघितलं. बाटली घरंगळली. काका म्हणाले, "बाटलीच वाकडी."

मग काम थांबलं. तेयेची शेवटची भट्टी ढासळून माझ्या मधोमध ढिगारा झाला होता. नेमका तिथंच कंटेनर बसायचा होता. काकांनी त्या ढिगाऱ्यासमोर टोपी काढली. "माझ्या भावाची स्मृती! हिला कुदळ लागली तर मी इथं प्राण देईन."

भाऊ गेल्यापासून ते त्या ढिगाऱ्याकडे फक्त आडोसा म्हणून यायचे. कशासाठी, ते मी सांगत नाही. मलाही अब्रू आहे.

एके दुपारी ते एका चकचकीत बुटांच्या पाहुण्याला घेऊन आले. पाहुण्याला माझ्यावर पेट्रोलपंप काढायचा होता. तो म्हणाला, "इथं कंटेनर येतोय असं ऐकलं."

"कंटेनर कसला येतोय!" काका हसले. "जागा तयार नसेल तर ट्रक आल्या वाटेनं परत जातो. आणि तयारी कुणाच्या हातात आहे? माझ्या."

भिंतीपलीकडे माकूमावशी केंके उकडत होती. पातेल्यावर झाकण ठेवून ती तडक कोर्कोरच्या खोपट्यात गेली.

"ए कोर्कोर, तू बाह्या शिवत बस. तिकडे तुझा काका तुझ्या पायाखालची जमीन शिवायला निघालाय, पेट्रोलपंपाच्या मापानं."

कोर्कोरनं हातातली बाही पुरी केली. संध्याकाळी फावडं घेऊन आली आणि ढिगाऱ्याजवळ बसली. बराच वेळ बसून होती. मावशी भिंतीवरून डोकावली.

"बापाची भट्टी मोडणार?"

"बापानं स्वतः किती मोडल्या गं, मावशी?"

"मोजल्या नाहीत. माझ्या बाजूला सरकला तेवढी एकच मोजली."

"त्याची भट्टी चालत नसली की तो ती पाडायचा. ही तर कधीची थंड पडलीय. तो असता तर मला शिव्या घातल्या असत्या, इतके दिवस झोपली होतीस काय म्हणून."

तिनं फावडं घातलं. भाजकी माती सुटत गेली. आतून वितळून चिकटलेले मणी निघाले, निळे, पिवळे, एकमेकांना धरून बसलेले. एक गठ्ठा तिनं अंगावरच्या कापडाला पुसला, डोळ्यांजवळ नेला, कमरेला खोचला आणि पुन्हा फावडं उचललं. त्या वेळी तिचं नाक लाल झालं होतं. धूळ फार होती, असं आपण म्हणू.

सकाळी काका प्राण द्यायला आले. पण बघायला कोणी जमलं नाही, म्हणून चहा पिऊन गेले.

कडुनिंबाखाली सोंगट्या खेळणाऱ्या म्हाताऱ्यांनी फांदी तोडायला साफ नकार दिला. सावली हा त्यांचा जन्मसिद्ध हक्क. कोर्कोर म्हणाली, "रस्त्याकडची एकच फांदी जाऊ द्या. दुकान झालं की त्याच्या सावलीत बाक टाकून देते." त्यांनी डाव संपेपर्यंत विचार केला आणि फांदी तोडली. हरणाऱ्यानं तोडली, हे सांगायला नको.

गवंड्याकडून चार ठोकळे ओतून झाले, खडी पसरली. पण मी अजून भुसभुशीत होते. भट्टीची माती उकरली की असंच व्हायचं. धुम्मस मारून माती दाबायला माणसं नव्हती आणि ट्रक दुसऱ्या दिवशी येणार होता.

येत्या शनिवारी गावच्या बँडमास्तराच्या आईचं मोठं अंत्यकार्य होतं. अर्ध्या सोमान्याचे काळे-तांबडे कपडे कोर्कोरकडे पडले होते. लोक तगादा लावायला आले, ती बाहेर आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कपडे हवेत?"

"हवेत म्हणजे! शनिवार तोंडावर आलाय."

"मग माझ्या जागेवर चला आणि नाचा. जमीन भुसभुशीत राहिली तर ट्रक परत जाईल. ट्रक गेला तर मी रडत बसेन. मी रडत बसले तर तुमच्या बाह्या कोण लावणार?"

बँडमास्तरानं पायानंच ताल धरून पाहिला. मग म्हणाला, "नाहीतरी शनिवारी आईला नाचूनच निरोप द्यायचा आहे. तालीम होऊन जाऊ दे." आणि ढोल मागवला.

काय सांगू तुम्हांला! उभ्या आयुष्यात माझ्यावर एवढी माणसं कधी आली नव्हती. सुना नाचल्या, जावई नाचले, एकमेकांशी न बोलणारे साडू एकाच ठोकळ्याभोवती पाय आपटत होते. माझ्या अंगावर पाणी शिंपडायचं आणि तुडवायचं. म्हातारीच्या सगळ्यांत जाडजूड भाचीला कोर्कोरनं मुद्दाम कोपऱ्यात उभं केलं. "आत्या, तुम्ही इथंच. तुमच्यासारखं दुसरं कोणी नाही." आत्या खूश होऊन दुप्पट नाचली. माझी हाडं एकमेकांत बसली.

दुसऱ्या दिवशी ट्रक आला. चालवणारा इद्रिसू म्हणून उत्तरेकडचा शांत माणूस होता. तो उतरायच्या आत काका पांढऱ्या सदऱ्यात पुढे.

"जागा कुणाची?" इद्रिसूनं विचारलं.

"माझी," काका म्हणाले.

"कंटेनर कुणाचा ते विचार, भाऊ," मागून कोर्कोर म्हणाली.

"पोचट जमीन आहे," काकांनी आवाज चढवला. "ट्रक फसेल. उद्या तुझा मालक तुलाच बोलेल. आल्या वाटेनं जा."

इद्रिसूनं बूट आपटून पाहिले. इकडे, तिकडे, कोपऱ्यात. भिंतीवरून माकूमावशी ओरडली, "अरे बाबा, तिथं काल अख्खं मयत नाचून गेलंय. तुझा ट्रक काय घेऊन बसलास!"

ट्रक मागे येऊ लागला. मागची चाकं माझ्यावर चढली आणि मी थोडीशी दबले. कोर्कोरनं ओठ दाताखाली धरले. मी सगळं वजन धरलं. पाठीचा उतार करून ट्रकनं कंटेनर सोडला, लोखंड किंचाळलं आणि ठोकळ्यांवर टेकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनीही वाजवल्या, सवयीनं.

मग कोर्कोर दार उघडायला गेली. दार उलट्या तोंडाला होतं, थेट माकूमावशीच्या भिंतीसमोर. मध्ये माणूस जेमतेम आडवा सरकेल एवढी फट.

"बंदरात विचारलं होतं दार कुठं हवं," इद्रिसू म्हणाला. "निरोप आला, कसंही चढवा."

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "मी लावेरला एवढंच म्हटलं की दार कुठंही असलं तरी माणसाची नियत सरळ हवी."

नियत सरळ असणाऱ्यांचं हेच होतं. कोर्कोर त्या फटीत शिरली, कडी ओढून पाहिली आणि तिथंच माझ्यावर खाली बसली. फुली, काका, भट्टी यांपैकी कशानं बसली नव्हती. आता बसली. यंत्रं आत, ती बाहेर, ट्रक निघालेला.

भिंतीपलीकडून आवाज आला, "कोर्कोर, उठ. भिंत पाड."

"मावशी, भिंत तुझी आहे."

"माझीच. तुझ्या बापानं हातभर जागा खाल्ली म्हणून बांधली होती. तो भांडायला नाही, तर भिंत कुणासाठी ठेवू? पाड म्हणते ना! मात्र तुझं गिऱ्हाईक माझ्या अंगणातून येणार. उपाशीपोटी माप द्यायला मी कोणाला सोडणार नाही."

भिंत पडली. दुकान मावशीच्या अंगणात उघडलं. आता लोक कपड्यांना येतात, कपडे तयार नसतात, तोवर केंके खातात आणि आणखी माप वाढवून घेतात. कोर्कोर आणि मावशी दोघी म्हणतात, देवाची करणी. काकांना मी श्रेय देते. चकचकीत बुटांचा पाहुणा एकदा आला, लोखंडाकडे बघून गेला. काका आता स्वतःच लोकांना सांगतात की जागेची तयारी आपण जातीनं करून घेतली. सदऱ्याची झिजलेली कॉलर उलटून घ्यायला तेही मावशीच्या अंगणात रांग लावतात आणि रांगेतला एखादा माणूस, ती तयारी नाचून कोणी केली, ते त्यांना ऐकवतो तेव्हा ठेचा लागल्यासारखं खोकतात.

माझं म्हणाल तर मी अंधारात आहे. वर यंत्रांची धडधड, पोरींचं खिदळणं. ऊन दिसत नाही, शेळ्यांची मात्र आठवण येत नाही. जूनमध्ये एकदा पाऊस असा कोसळला की गटार रस्त्यावर आलं. उजाडताच कोर्कोर अनवाणी धावत आली. पोटावर पडून तिनं खाली हात घातला, चारही कोपरे चाचपले. कोरडे होते. तिचा तळवा माझ्यावर तसाच राहिला. माप घ्यायला नाही, हद्द दाखवायला नाही, नुसताच.

"टिकलीस गं बाई," ती म्हणाली.

मी कुठं जाणार होते? पण कोणी विचारलं, बरं वाटलं. तुम्हांलाही कुठं काही मांडायचं असलं तर बाटल्या फोडा, बैठका भरवा, नियत कशी सरळ हवी ते बोला, हौस करून घ्या. फक्त एकदा खाली वाकून मातीला हात लावा. आणि जमलंच तर ते गटार तेवढं उपसा.