उसना गडी

"जार्लथ, तू आज त्यांच्याकडून खेळ," ऑशीन म्हणाला, तेव्हा आमचा जार्लथ, माझा नवरा, वाकून बुटाची नाडी बांधत होता. त्याने वर पाहिलं नाही. गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

हाताने झेलायचा आणि पायाने मारायचा आमचा आयरिश फुटबॉल, त्याचा मोसम सुरू व्हायच्या आधीचा सरावाचा सामना. नदीपलीकडची किलडॅराची माणसं आली ती दोन कमी. एकाला ताप, दुसऱ्याची गाय नेमकी आजच व्यायली. अशा वेळी यजमानांनी आपले गडी उसने द्यायचे, ही आमच्याकडची रीत. पण उसनं काय देतात माणसं? घरातली धड खुर्ची कोणी शेजाऱ्याकडे पाठवत नाही.

दुसरा उसना म्हणजे डब्लिनहून घरी आलेला एक लंबू. त्याला कुठल्याही बाजूने उभा केला तरी थंडीच वाजणार होती. जार्लथचं तसं नव्हतं. मिसरूड फुटल्यापासून तो आमच्या ड्रमशानाच्या निळ्या जर्सीत, उजव्या कोपऱ्यात, गोलच्या राखणीला. आठवडाभर शेताशेतावरून दुधाचा टँकर फिरवायचा आणि रविवारी कुणातरी चपळ पोराच्या मागे सावलीसारखं लागायचं, एवढंच त्याचं आयुष्य. मी त्यात कुठेतरी मधे बसते.

ऑशीन हा आमचा नवा प्रशिक्षक, शाळेत व्यायाम शिकवतो. त्याने आधीच सांगितलं होतं, आजचा खेळ बघून यंदाचे गडी ठरवणार. मंगळवारच्या सरावाला ज्यांना बोलावणं नाही, त्यांनी समजून घ्यायचं. समजून घेतलेल्यांना आमच्याकडे पांढरा कोट घालून गोलच्या खांबाशी उभं करतात, गुण झाला की झेंडा हलवायला.

"म्हणजे काढलाच की त्याला," माझी नणंद डिम्प्ना माझ्या छत्रीत घुसत म्हणाली.

"अजून तर खेळ सुरू व्हायचाय."

"सुरू व्हायच्या आधीच देऊन टाकला, बये. जुनी सायकल द्यावी तसा."

किलडॅराच्या प्रशिक्षकाने, मॅलकीने, लाल जर्सी जार्लथच्या अंगावर फेकली. "घाल रे, चावत नाही. तुझा बाप वरून बघत असेल."

"डोळे मिटून घेईल तो," जार्लथ म्हणाला आणि त्या जर्सीत शिरला. कुण्या काटकुळ्या पोराची होती ती. पोटावर ताणून बसली. मग त्याने मॅलकीला विचारलं, "कॅथलला राखायचं माझ्याकडे देतोस?"

मॅलकीने भुवया वर केल्या. कॅथल म्हणजे आमचा सगळ्यात तेज पोरगा; ऑशीनचा यंदाचा सगळा डाव त्याच्यावर रचलेला.

"कॅथल? पळवून पळवून मारेल तुला."

"बघू."

आणि जार्लथने त्याला धरला. कॅथल डावीकडे गेला की हा डावीकडे, कॅथल वळला की हा आधीच वळलेला. चिखल, आडवा पाऊस, वारा असा की वर मारलेला चेंडू विचार करून खाली यायचा. जार्लथला त्या वाऱ्याचं सगळं माहीत; कॅथल अजून आभाळाकडे बघत असे तेव्हा हा चेंडूखाली जाऊन उभा.

"अरे म्हाताऱ्या, सरावाचा सामना आहे हा!" कॅथल ओरडला.

"मग कर की सराव."

डिम्प्ना आपल्याच क्लबविरुद्ध गळा काढून ओरडत होती. "सोडू नको त्याला, जार्लथ! चिकट!" आमच्या शेजारच्या बायका तिच्याकडे वळून वळून बघत होत्या. मला ऑशीनचं तोंड दिसत होतं, आणि त्यावर काहीच दिसत नव्हतं.

उत्तरार्धात एक उंच चेंडू आला. दोघंही उडाले. चेंडू जार्लथने झेलला, पण खाली आला तो उजव्या खांद्यावर, वर कॅथलचं सगळं वजन. मी छत्री खाली केली. तो उठला, चेंडू दिला, जागेवर गेला. कॅथलने काहीतरी विचारलं, त्याने मान हलवली. मी छत्री परत वर केली.

शेवटाला गुण बरोबरीत आले. कॅथल एकदाचा निसटला, आणि गोलसमोर जार्लथने मागून येऊन त्याच्या हातातून चेंडू अलगद उडवून काढला. इतकं स्वच्छ काम की पंचाची शिट्टीही गप्प राहिली. तेवढ्यात आमचा फर्गल, वर्षानुवर्षं ओरडतो तसा, सवयीने ओरडला, "जार्लथ, इकडे!"

जार्लथने मान वर न करता डाव्या मुठीच्या ठोशाने चेंडू त्याच्याकडे धाडला.

फर्गल निळ्यात होता. तोही बिचारा क्षणभर चेंडूकडे बघत राहिला. मग त्याने तो गोलच्या आडव्या दांडीवरून मारला. एक गुण, निळ्यांचा. आणि खेळ संपल्याची शिट्टी.

सगळं मैदान हसायला लागलं. मॅलकीने टोपी चिखलात आपटली. "अख्खा सामना राखलास आणि शेवटी घरच्यांच्या ताटात वाढलंस!"

"जर्सीचं लक्षातच राहिलं नाही," जार्लथ म्हणाला.

"तरी चालशील मला. कायमचा ये आमच्याकडे."

"ज्या चर्चच्या हद्दीत झोपायचं त्या पॅरिशकडूनच खेळायचं, नियम आहे."

"तुझ्या गाईंचा गोठा नदीपलीकडे, आमच्याच बाजूला आहे ना? गाईंजवळ झोप."

"गाई नाही म्हणतील."

सगळे हसले, ऑशीन हसला नाही. तो कॅथलशी काहीतरी बोलत आत निघून गेला. आजचा खेळ कुणाला आठवणार नाही, तो एक ठोसा मात्र आमच्या मुलांच्या लग्नातही सांगतील.

गाडीपाशी मी म्हटलं, "काढ ती जर्सी, मॅलकीला परत द्यायचीय."

"काढतो."

निघेना. डावा हात कसाबसा बाहेर आला. उजवा छातीच्या वर जाईना.

"कधी झालं हे?"

"मघाशी."

"मघाशी म्हणजे तो पडलास तेव्हा? त्यानंतर सगळा वेळ..."

"हळू बोल गं."

गरम बटाट्याची साल काढावी तशी मी ती डोक्यावरून काढली. लाल बाही उजव्या दंडावर अडकून राहिली. पावसात तो उघडा, गोरापान, काखेखाली काळंनिळं उमटत असलेला.

क्लबच्या दारातून हाक आली. "जार्लथ!"

ऑशीन. एका हातात चहाचा कप, दुसऱ्यात सँडविच.

"मंगळवारी सात वाजता! आणि निळी घालून ये, नाहीतर परत गोंधळ करशील!"

जार्लथ वळला. उजवा खांदा त्याने गाडीच्या आड नेला, माझ्याकडे. डावा हात वर केला, ताठ, पूर्ण, आणि ऑशीन आत जाईपर्यंत तसाच धरून ठेवला.

"गेला?" त्याने विचारलं.

"गेला."

"आता ओढ."

मी ओढली. बाही माझ्या हातात आली तरी त्याचा डावा हात अजून वरच होता.